टेम्प व्हॅन, ट्रेन्टन आणि २१ मतं: स्टेट लेव्हलवर खरंच काही होतं का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. न्यू जर्सीत मन्रो टाउनशिपला राहणारी, एच-४ वर (म्हणजे नवऱ्याच्या एच-१ वर्क व्हिसाला जोडून मिळणाऱ्या व्हिसावर) आलेली एक मुलगी विचारतेय: "ताई, पहाटे मुलाला डे-केअरला सोडायला जाते तेव्हा रोज एका स्ट्रिप मॉलच्या पार्किंगमध्ये पंधराएक लॅटिनो बायका-माणसं जुन्या व्हॅनमध्ये दाटीवाटीने बसताना दिसतात, सगळी टर्नपाइक हायवेच्या ८ए एक्झिटच्या वेअरहाऊसमध्ये जाणारी. वॉशिंग्टनमध्ये इमिग्रेशनवर कित्येक वर्षं काही हलत नाही, मग राज्याच्या पातळीवर यांच्यासाठी काही होतं का? आणि मी स्वतःच व्हिसावर, मी त्यात पडावं का?"

उत्तर लांबलंय, आधीच सांगते. मी न्यू जर्सीत वीसेक वर्षं आहे आणि त्यातली बरीचशी याच कामात गेली, आधी मोडकंतोडकं स्पॅनिश घेऊन फॉर्म भरून द्यायचे, मग पगार बुडवल्याच्या केसेसची कागदपत्रं, मग राजधानी ट्रेन्टनच्या फेऱ्या. वकील नाही मी, हे लक्षात ठेवून वाच.

आता मी यात पडले कशी ते सांगते, कारण तुझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्यातच आहे. माझे वडील माथाडी. जावळी तालुक्यातून मुंबईला आले, आधी मशीद बंदर आणि मग बाजार हलला तसे वाशी, आयुष्यभर पाठीवर पोती. टोळी, मुकादम, खाडा, उचल हे शब्द मी बाराखडीच्या आधी शिकले असेन. माथाडीचा मूळ प्रॉब्लेम काय होता, तर हा माणूस नक्की कामाला कोणाकडे आहे हेच कोणी सांगायचं नाही. व्यापारी म्हणणार माझा नोकर नाही, मुकादम म्हणणार मी फक्त माणसं आणून देतो, आणि पाय मोडला तर माणूस ज्याचा त्याचा. १९६९ ला महाराष्ट्राने माथाडी कायदा केला (दिल्लीने नाही, राज्याने) आणि त्यात युक्ती अशी की तो कोणाचा नोकर या वादातच पडायचं नाही, व्यापाऱ्याने मजुरी आणि वर लेव्ही बोर्डात भरायची, कामगाराला पैसे बोर्डाकडून, आणि लेव्हीतून पीएफ, ग्रॅच्युइटी, बोनस. आमचं कोपरखैरण्याचं घर त्या कायद्यातून आलंय असं आई अजूनही म्हणते.

तर न्यू ब्रन्सविकला मी पहिल्यांदा फ्रेंच स्ट्रीटवर गेले, सकाळी सहाच्या आत, एका बाईला क्लिनिकला न्यायला. रस्त्याच्या दोन्ही बाजूला टेम्प एजन्सीची (तात्पुरती माणसं पुरवणाऱ्यांची) ऑफिसं, बाहेर लोकं थंडीत उभी, व्हॅन येते, ड्रायव्हर बोटाने दाखवतो तू, तू आणि तू. मला एकदम वाशीचं गेट आठवलं. रायतेरो म्हणतात त्या व्हॅनवाल्याला, राइड देणारा म्हणून. मी मनात म्हटलं हा मुकादमच की, फक्त स्पॅनिश बोलतोय.

त्या बाईचा पे-स्टब, म्हणजे पगाराची चिठ्ठी, अजून डोळ्यासमोर आहे माझ्या. ओआहाकाची, मेक्सिकोची, न्यू ब्रन्सविकमध्ये तिकडचे भरपूर आहेत. आठवड्याचे चाळीस तास लिहिलेले, त्यापुढे रक्कम, आणि स्टबवर कुठेच न दिसणारे रोजचे आठ डॉलर व्हॅनचे, ड्रायव्हरच्या हातात रोख. शिवाय चेक वटवायला एक दुकान, तिथे कमिशन. ज्या दिवशी वेअरहाऊसला माल आला नाही त्या दिवशी नेऊन परत आणायचे, पगार शून्य, व्हॅनचे आठ मात्र द्यायचेच. आणि ती ज्या कंपनीचे डबे भरत होती तिचं नावसुद्धा तिला माहीत नव्हतं, डब्यावरचा लोगो तिने मला कागदावर काढून दाखवला. तक्रार कोणाविरुद्ध करायची? एजन्सी सहा महिन्यांत नाव बदलते, वेअरहाऊस म्हणतं आमचा संबंध नाही. म्हणजे तोच माथाडीचा प्रश्न, पन्नास वर्षांनी, टर्नपाइकच्या कडेला.

आता मुद्द्यावर येते. राज्याला काय करता येतं आणि काय नाही हे आधी डोक्यात पक्कं कर, कारण निम्मी चांगली माणसं इथेच घसरतात आणि लोकांना खोटी आशा लावतात. राज्य व्हिसा देऊ शकत नाही, वर्क परमिट देऊ शकत नाही, कोणाचं डिपोर्टेशन थांबवू शकत नाही. ते सगळं फेडरल. ॲरिझोनाने २०१० मध्ये उलट्या बाजूने आपला इमिग्रेशन कायदा चालवून बघितला, सुप्रीम कोर्टाने २०१२ ला त्यातला बराचसा भाग उडवला. पण माणूस रोज जगतो ते बहुतेक राज्याच्या हद्दीतच जगतो बघ. ड्रायव्हिंग लायसन्स राज्याचं, कॉलेजची फी राज्याची, किमान वेतन, घरमालकाचे नियम, पोलीस कोणाला मदत करतील, न्हाव्याचं किंवा नर्सचं लायसन्स, हे सगळं राज्याचं. २०२० ला न्यू जर्सीने प्रोफेशनल लायसन्ससाठी इमिग्रेशन स्टेटसची अट काढून टाकली, त्याची बातमी आपल्याकडे कोणी वाचलीसुद्धा नाही, पण कॉस्मेटोलॉजीचा कोर्स करून घरी बसलेल्या कितीतरी पोरी त्यानंतर कामाला लागल्या.

आणि राज्य नाही म्हणू शकतं. फेडरल सरकार राज्याच्या पोलिसांना आपलं काम करायला जबरदस्ती करू शकत नाही, आणि गंमत म्हणजे हे तत्त्व अलीकडे जास्त पक्कं झालं ते आपल्याच राज्याच्या खेळांवरच्या बेटिंगच्या केसमधून, मर्फी विरुद्ध एनसीएए, २०१८. त्याच वर्षी ॲटर्नी जनरल गुरबीर ग्रेवाल यांनी इमिग्रंट ट्रस्ट डायरेक्टिव्ह काढलं, लोकल पोलिसांनी इमिग्रेशनच्या कामात किती मदत करायची त्यावर मर्यादा घालणारं. दोन काउंट्या त्याविरुद्ध कोर्टात गेल्या, २०२१ ला थर्ड सर्किटने (आपल्या भागाचं फेडरल अपील कोर्ट) डायरेक्टिव्ह टिकवलं. पण लगेच खूश होऊ नकोस, कारण राज्याने २०२१ ला दुसरा कायदा केला, खासगी कंपन्यांनी इथे इमिग्रेशन डिटेन्शनची कंत्राटं घेऊ नयेत असा, आणि २०२५ च्या जुलैत त्याच थर्ड सर्किटने एलिझाबेथच्या सेंटरच्या केसमध्ये राज्याविरुद्ध निकाल दिला. म्हणजे राज्य स्वतःचे हात मागे घेऊ शकतं, फेडरलचे हात बांधू शकत नाही. ही रेघ ज्याला दिसते तो चांगलं बिल लिहितो.

आता ट्रेन्टनचं गणित. सिनेटमध्ये ४० जण, असेंब्लीत ८०. बिल पास व्हायला २१ आणि ४१ लागतात, आणि हे हजर असलेल्यांच्या निम्म्याहून जास्त नाही, एकूण संख्येच्या. म्हणजे एखादा सिनेटर मतदानाच्या वेळी कॉफी प्यायला गेला तरी ते आपल्यासाठी "नाही"च. हे कळायला मला दोन वर्षं लागली. आम्ही विरोधकांच्या मागे लागायचो, त्यांना पटवायचो, आणि आपले समजले जाणारे तीन लोक बरोबर त्या वेळी गायब व्हायचे. बिल बोर्डावर, म्हणजे मतदानाला, घ्यायचं की नाही हे सिनेट प्रेसिडेंट ठरवतो आणि २१ दिसल्याशिवाय तो सहसा घेत नाही, कारण हरलेलं मतदान सगळ्यांनाच लाजिरवाणं. तर कामाचा गाभा काय, तर एक वही, त्यात चाळीस नावं, आणि प्रत्येकापुढे काल कोण काय म्हणालं. मी अजून कागदाचीच वही वापरते, एक्सेलमध्ये लोक आशावादी होतात.

टेम्प कामगारांच्या बिलाचंच उदाहरण घे. २०२२ मध्ये दोन्ही सभागृहांतून बिल गेलं आणि सप्टेंबरात गव्हर्नर मर्फींनी कंडिशनल व्हेटो मारला. हा जर्सीचा एक खास प्रकार, सरळ नाही म्हणत नाहीत, हे हे बदला मग सही करतो म्हणतात. बदल असेंब्लीने मान्य केले, आणि सिनेटमध्ये घोंगडं भिजत पडलं. मतदान आज होणार, उद्या होणार, बोर्डावर येणार, काढलं. बिझनेसवाल्यांचं लॉबिंग जोरात, एजन्सी बंद पडतील, वेअरहाऊसेस पेनसिल्व्हेनियाला जातील. आणि लोकं दरवेळी न्यू ब्रन्सविकहून, एलिझाबेथहून बसने यायची, गॅलरीत बसायची आणि मतदान न होता परत. तुला-मला ती एक सुट्टी वाटते गं, त्यांचा तो खाडा. एक फेरी म्हणजे एका दिवसाचा पगार गेला, शिवाय दुसऱ्या दिवशी व्हॅनवाला "काल कुठे होतीस" म्हणून घेत नाही ते वेगळंच. तिसऱ्या फेरीनंतर आमच्यात भांडण झालं, मी म्हणत होते की लोकांना परत परत आणू नका, आपण स्टाफनेच जाऊ. त्या ओआहाकाच्या बाईने मला गप्प केलं. तिचं म्हणणं असं की सिनेटर तुझं तोंड रोज बघतो, त्याला काही वाटत नाही, मी बसले की तो वर बघायचं टाळतो, तेवढ्यासाठी मी येणार. २ फेब्रुवारी २०२३ ला मतदान झालं, बरोब्बर २१ मतं. एक कमी असतं तर परत खाडे. ६ तारखेला गव्हर्नरांनी सही केली.

कायद्यात आहे काय ते बघ, कारण त्यात एकही भव्य शब्द नाही आणि मला तेच आवडतं. कामावर पाठवताना लेखी कागद द्यायचा, कामगाराच्या भाषेत, त्यावर कोणाकडे काम, कुठे, किती पगार, किती तास. व्हॅनचे पैसे घ्यायचे नाहीत. नेऊन काम दिलं नाही तर किमान चार तासांचा पगार. शेजारी तेच काम करणाऱ्या कायम कामगाराच्या सरासरीइतका पगार आणि बेनिफिट किंवा त्याची रोख किंमत. आणि वेअरहाऊसची कंपनीही एजन्सीबरोबर जबाबदार, म्हणजे "माझा नाही" म्हणायची सोय गेली. तक्रार केल्यावर ९० दिवसांत काढून टाकलं तर ते सूडानेच केलं असं धरून चालायचं, सिद्ध करायचं ओझं मालकावर. राज्यात असे सव्वा लाखाच्या आसपास टेम्प कामगार असल्याचा आकडा तेव्हा सगळीकडे सांगितला जायचा. आणि बिलात इमिग्रंट हा मुद्दाच नाही, कागद आहेत की नाहीत विचारायची गरजच नाही. गोरा असो, काळा असो, इक्वेडोरचा असो की नडियादचा (हो, आपलेही आहेत त्या लायनीत, एडिसनहून कित्येक गुजराती बायका जातात पॅकिंगला), सगळ्यांना तोच नियम.

माझं मत विचारशील तर स्टेट लेव्हलच्या कामातली सगळ्यात मोठी अक्कल हीच आहे: नियम सगळ्यांसाठी लिहायचा, फायदा ज्याला जास्त नडतोय त्याला आपोआप जास्त होतो. "इमिग्रंटांसाठी खास" असं लेबल लागलं की विरोधकाला धरायला मूठ मिळते, आणि त्याहून वाईट म्हणजे ज्याच्यासाठी केलं त्याच्यावर शिक्का बसतो.

कागदपत्रं नसलेल्यांनाही ड्रायव्हिंग लायसन्स देणाऱ्या कायद्यात हे जास्त नीट दिसतं. १९ डिसेंबर २०१९ ची सही, सिनेटमध्ये तिथेही २१ च, लेम डकमध्ये, म्हणजे नोव्हेंबरची निवडणूक झाली आणि नवं सभागृह जानेवारीत बसायचंय त्या मधल्या खिडकीत. कायदा १ जानेवारी २०२१ पासून लागू होणार होता, कोविडमुळे १ मे झाला. राज्यात कागदपत्रांशिवाय राहणारे पाच लाखांच्या आसपास धरतात, त्यातली गाडी चालवायच्या वयाची सगळी माणसं आधी एकतर विनालायसन्स चालवायची नाहीतर दुसऱ्याच्या दयेवर. आता बिलात दोन बारीक गोष्टी होत्या ज्यांच्यावर बाहेर कोणी बोललं नाही आणि आत रात्र रात्र भांडणं झाली. एक म्हणजे वेगळं कार्ड नाही. रिअल आयडी (फेडरल नियमांचं कार्ड) नको असलेला नागरिकसुद्धा जे स्टँडर्ड लायसन्स घेतो तेच यांना. पोलिसाने गाडी थांबवली तर कार्ड बघून काही कळता कामा नये. दुसरं म्हणजे मोटर व्हेइकलकडे जमा होणारी माहिती इमिग्रेशनवाल्यांना नुसती मागितली म्हणून मिळणार नाही, कोर्टाची ऑर्डर किंवा वॉरंट असलं काहीतरी लागेल. या कलमाशिवाय लायसन्स म्हणजे सरकारला आपणहून पत्ता लिहून देणं. २०२५ पासून लोकांची जी अवस्था आहे ती बघता त्या भांडणात घातलेली प्रत्येक रात्र वसूल झाली असं मला वाटतं.

ज्यांना "सगळं नाहीतर काहीच नको" वाटतं त्यांना मी कॉलेजच्या फीचं उदाहरण देते. २०१३ ला क्रिस्टींच्या काळात (रिपब्लिकन गव्हर्नर!) कागदपत्रं नसलेल्या मुलांना इन-स्टेट फी (राज्यातल्या मुलांची कमी फी) मिळाली, पण राज्याची आर्थिक मदत त्यातून काढून टाकली. तेव्हा आमच्यातले निम्मे लोक चिडले, हे अर्धवट आहे म्हणून. होतंच अर्धवट. मदत मिळाली २०१८ ला, मर्फी आल्यावर. पण मधली पाच वर्षं जी पोरं इन-स्टेट फीवर शिकली तीच २०१८ ला कमिटीपुढे उभी राहून बोलली. तरी अर्धं घेताना एक बघायचं, उरलेलं अर्धं नंतर मागायचा रस्ता त्यात बंद तर होत नाहीये ना.

दुसऱ्या राज्यांचं थोडक्यात, कारण लोक विचारतात की तिकडे जमलं तसं इकडे का नाही. मॅसॅच्युसेट्समध्ये लायसन्सचं बिल जवळजवळ वीस वर्षं फिरत होतं. २०२२ ला पास झालं, गव्हर्नर बेकर यांनी व्हेटो केला, जूनमध्ये दोन तृतीयांशाने तो उलटवला, मग विरोधकांनी सह्या गोळा करून नोव्हेंबरच्या मतपत्रिकेवर टाकलं आणि तिथे साधारण ५४ टक्क्यांनी टिकलं. पण ओरेगॉनमध्ये २०१३ ला कायदा झाला आणि २०१४ च्या सार्वमतात जवळपास दोन तृतीयांश लोकांनी तो पाडला, परत करायला २०१९ उजाडलं. आपल्याकडे असं सार्वमत मागवायची सोयच नाही, म्हणून जर्सीत सगळा जोर त्या चाळीस आणि ऐंशी माणसांवर. ज्या राज्यात सार्वमत आहे तिथे मात्र कायदा पास झाला त्या दिवशी कॅम्पेन संपत नाही, सुरू होतं.

आता प्रत्यक्ष हिअरिंगचं सांगते, हे तुला उद्याच लागेल. माझी पहिली साक्ष एका कमिटीसमोर होती, चार पानं लिहून नेलेली, त्यात इतिहास, आकडे, अगदी माथाडी कायदासुद्धा. दोन मिनिटांत चेअरने थँक्यू म्हटलं, मी पहिल्या पानाच्या खालीच होते. नमनालाच घडाभर तेल संपलं. तेव्हापासून नियम एकच, पहिल्या वाक्यात बिलाचा नंबर आणि आपण बाजूने आहोत हे, मग एक प्रसंग, एकच, रोजचे आठ डॉलर किंवा रिकामी परत आलेली व्हॅन, आणि शेवटी काय हवं ते. आकडे कागदावर देऊन यायचे. आणि बोलायची हिंमत नसेल तर स्लिपवर "इन फेवर, नो नीड टू टेस्टिफाय" लिहून बस, चेअर नावं वाचत जातो आणि एका बिलावर साठ नावं वाचून त्याचा घसा सुकला की त्याचाही परिणाम होतो, खरंच.

कामगाराला साक्षीला नेत असशील तर त्याआधी त्याच्याशी तासभर बस. हिअरिंग पब्लिक असतं, लाइव्ह जातं, रेकॉर्ड राहतं. स्टेटस कोणी सांगायचं नाही, विचारलं तरी सांगायची सक्ती नाही, आणि बिलाला त्याची गरजही नाही. मी एका वर्षी एका माणसाला भावनेच्या भरात सगळं बोलू दिलं, थांबवलं नाही, त्याला काही झालं नाही सुदैवाने पण पुढचे दोन महिने तो घर बदलायचं म्हणत होता. ती चूक माझी. आणि भाषा. आपण धरून चालतो की स्पॅनिशमध्ये पत्रक केलं की झालं, पण ओआहाकाच्या कित्येकांची घरची भाषा झापोटेक किंवा मिक्स्टेक, स्पॅनिश त्यांची दुसरी भाषा, आपलं हिंदी असतं तसं. नेवार्कच्या आयर्नबाउंडमध्ये ब्राझीलवाले, त्यांचं पोर्तुगीज. पत्रक वाटताना माणूस ते हातात घेतो, बघतो आणि नीट घडी करून खिशात ठेवतो तेव्हा समजायचं की वाचता आलेलं नाही. आम्ही नंतर व्हॉट्सॲपवर व्हॉइस नोट पाठवायला लागलो, ते चाललं.

शब्दावरून पण एक. लॅटिनो, लॅटिना, लॅटिनेक्स, आता लॅटिने. तरुण ऑर्गनायझर पोरं लॅटिने म्हणतात कारण स्पॅनिशमध्ये दोनच लिंगं, ओ नाहीतर आ, आणि ए लावलं की सगळे येतात. मराठीला त्याचं अप्रूप वाटायचं कारण नाही, आपल्याकडे तिसरं लिंग पहिल्यापासून आहे. मी काय करते, कागदावर लॅटिने लिहिते आणि माणसाला तो स्वतःला जे म्हणवतो ते म्हणते, आणि फ्रेंच स्ट्रीटवर विचारलंस तर उत्तर यातलं काहीच येत नाही, "ओआहाकेन्यो" येतं. जसा तू एखाद्याला विचारलंस की साउथ एशियन का, तर तो म्हणणार सातारा.

कायदा झाल्यानंतरचं काम मात्र सगळ्यात रटाळ आणि तिथेच सगळे पांगतात. टेम्प कायद्याचा काही भाग मे २०२३ ला लागू झाला, बाकीचा ऑगस्टला, आणि मधेच स्टाफिंगवाल्यांनी आणि बिझनेस संघटनेने फेडरल कोर्टात केस टाकली. स्थगिती मिळाली नाही, २०२४ ला थर्ड सर्किटनेही नकार दिला. पण व्हॅनमधल्या माणसाला हे कोण सांगणार? ऑगस्टनंतर आम्ही पहाटे पार्किंगमध्ये उभं राहून कागद वाटत होतो आणि लोक विचारायचे की मग हे आठ डॉलर का घेतोय अजून. काही ड्रायव्हरांनी भाडं म्हणणं सोडलं आणि "पेट्रोलला मदत" म्हणायला लागले. आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय, इन्स्पेक्टर थोडे आणि वेअरहाऊसेस मैलोन् मैल. अशा वेळी २०१९ चा वेज थेफ्ट कायदा उपयोगी पडतो, सहा वर्षांपर्यंत मागची थकबाकी मागता येते आणि वर दुप्पटीपर्यंत नुकसानभरपाई, आणि राज्याच्या लेबर डिपार्टमेंटकडे क्लेम करायला इमिग्रेशन स्टेटस आड येत नाही. पण त्यासाठी लोकांकडे नोंद हवी. आम्ही त्यांना साध्या खिशातल्या डायऱ्या दिल्या, तारीख, किती वाजता व्हॅन, किती वाजता सुट्टी, किती रोख दिले. माझे वडील पोत्यांची खूण खडूने भिंतीवर करायचे, तसंच. त्या डायऱ्यांवर किती केसेस उभ्या राहिल्या सांगते तुला कधीतरी.

आता तुझं स्वतःचं. व्हिसावर असताना आमदाराला भेटणं, पत्र लिहिणं, कमिटीत बोलणं याला बंदी नाही, आणि तुझा डिस्ट्रिक्टचा सिनेटर तू मतदार नसलीस तरी तुझाच प्रतिनिधी आहे. पण हवा बदललीय हे मी लपवणार नाही, २०२५ मध्ये आंदोलनावरून ग्रीन कार्ड असलेल्या माणसालाही डिटेन केल्याचं सगळ्यांनी पाहिलं. म्हणून एकदा पैसे देऊन इमिग्रेशन वकिलाशी अर्धा तास बोल, आणि अटक होऊ शकेल अशा कुठल्याही रस्ता रोको टाइप कार्यक्रमापासून तू लांब राहा, ते काम नागरिकांनी करायचं. मोहिमेला, उमेदवाराला एक डॉलरसुद्धा द्यायचा नाही, ते ग्रीन कार्डनंतर. ईएडी (वर्क परमिट) नसेल तर कुठल्याही संस्थेकडून मानधन घ्यायचं नाही. आणि मोटर व्हेइकलच्या ऑफिसात लायसन्स रिन्यू करताना मतदार नोंदणीचा प्रश्न येतो तिथे डोळे उघडे ठेवून नाही म्हण, इथे ती नोंदणी आपोआपच्या प्रकाराने चालते आणि नागरिक नसताना चुकून नोंद झाली तर पुढे नॅचरलायझेशनला तीच चूक गळ्यात येते. आपल्या लोकांमध्ये हे झालेलं मी पाहिलंय.

एक काम मात्र तू करू शकतेस जे मी करू शकत नाही. त्या वेअरहाऊसच्या सॉफ्टवेअरवर, शेड्युलिंगवर, स्कॅनरवर काम करणारी निम्मी माणसं मन्रो, प्लेन्सबोरो, साउथ ब्रन्सविकची, आपलीच. मंडळाच्या गणपतीत भेटतात. त्यांना कामगार दिसतच नाही, त्यांना पिक रेट, म्हणजे तासाला किती माल उचलला तो आकडा, दिसतो. त्यांच्यापैकी कोणाच्या एच-१ चं एक्स्टेन्शन लटकलं आणि त्यासोबत लायसन्सची तारीख गेली की घरात काय होतं ते त्यांनी भोगलेलं असतं, तिथून बोलणं सुरू कर. मी तसंच करते. दहातले सात विषय बदलतात, उरलेल्या तिघांपैकी एक माणूस त्या सिनेटरच्या टाउनमध्ये मतदार निघतो.

आणि त्या व्हॅनचं: फोटो काढू नकोस, लोक घाबरून जागा बदलतात आणि मग आम्हालाही सापडत नाहीत. दोन-तीन दिवस फक्त वेळ आणि व्हॅनच्या दारावर काही नाव असलं तर ते लिहून ठेव. मग एखाद्या दिवशी गरम चहा-कॉफीचा मोठा थर्मास घेऊन जा, मुलाला गाडीत एकटं ठेवून नको, नवऱ्याला सोडायला सांग त्या दिवशी. बायकांशी बोल, व्हॅनवाल्याशी नाही. पहिला प्रश्न स्टेटसचा नाही, पगाराचाही नाही. "कुआन्तो ते कोब्रा ला व्हॅन?" एवढंच, व्हॅनचे किती घेतो.